पुढची भरलेली कपाटं

तुम्हीआम्ही सगळेच कधी ना कधी औषधाच्या खिडकीपुढे ताटकळलेलो आहोत. हातात चिठ्ठी, पायाला रग, पुढे वीस माणसं, आणि आतली बाई चिठ्ठी घेऊन जी आत जाते ती लवकर परत येतच नाही. मग आपण खुशाल म्हणतो, "गेली वाटतं चहाला." बोलायला आपलं काय जातं?

अशाच एका सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर एक ताई काम करायच्या. नोकरीला चौदा वर्षं झालेली. पण दवाखान्यातली गर्दी वाढत गेली आणि गेल्या सहा महिन्यांत तक्रारवहीत त्यांच्याविरुद्ध एक्केचाळीस तक्रारी पडल्या. सगळ्यांचा सूर एकच, बाई ढिली आहे. दवाखान्याचे मोठे डॉक्टर, म्हणजे सगळ्यांचे साहेब, शेवटी वैतागले आणि त्यांनी ताईंच्या बदलीचा कागद तयार करायला सांगितला. नवं ठिकाण दोन तासांवर होतं. ताईंच्या नवऱ्याचं एक अंग लुळं पडलेलं. दुपारच्या सुट्टीत धावत घरी जायचं, त्यांना भरवायचं, तशाच धावत परत यायचं, हे ताईंचं रोजचं. बदली झाली तर त्यांना कोण भरवणार, या एका विचाराने ताईंचा जीव टांगणीला लागला होता. तरी साहेबांपुढे त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. शनिवारी सही व्हायची होती.

त्याच आठवड्यात दवाखान्यात एक संशोधक बाई आल्या. पन्नाशीच्या, गप्प गप्प, हातात स्टॉपवॉच आणि वही. कारखान्यात वेळ आणि श्रम कुठे वाया जातात हे मोजायचं शास्त्र असतं ना, औद्योगिक अभियांत्रिकी असं भारदस्त नाव असलेलं, ते त्यांनी आयुष्यभर शिकवलेलं. आता दवाखान्यांतल्या रांगा का लांबतात याचं संशोधन त्यांनी हाती घेतलं होतं. दुसऱ्याच दिवशी कर्मचाऱ्यांनी त्यांचं नाव घड्याळबाई पाडलं.

घड्याळबाई खिडकीच्या आत स्टुलावर बसून लिहीत राहायच्या. ताईंना वाटलं, ही साहेबांनी ठेवलेली पाळत. शुक्रवारी दुपारी खिडकी बंद झाल्यावर त्यांना राहवलं नाही.

"लिहा, काय लिहायचं ते लिहा. एक्केचाळीसच्या बेचाळीस होतील, आणखी काय."

"मी तक्रार नाही लिहीत हो. तुमची पावलं मोजतेय," घड्याळबाई म्हणाल्या. "सकाळपासून तुम्ही मागच्या खोलीत एकशे बारा वेळा गेलात. एका फेरीला छत्तीस पावलं. आणि हे हाताशी असलेलं पुढचं कपाट उघडलंत फक्त सात वेळा. असं का?"

"पुढची कपाटं भरलेली दिसायला हवीत ना," ताईंनी सांगितलं. "रोज लागणाऱ्या तापाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या पुढे ठेवल्या की दुपारपर्यंत फळी रिकामी. म्हणून त्या मागे. आणि जे वर्षात चार जण नेतात, ते पुढे."

घड्याळबाईंना हसावं की रडावं कळेना. चौकशी केली तेव्हा समजलं, चार वर्षांपूर्वी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने रिकामी फळी पाहून साहेबांना चारचौघांत झापलं होतं. साहेबांनी त्याच दिवशी हा हुकूम सोडला आणि नंतर ते साफ विसरून गेले.

शनिवारी सकाळी घड्याळबाई वही घेऊन साहेबांकडे गेल्या. सहीचा कागद टेबलावरच होता.

"आकडे राहू द्या हो," साहेब म्हणाले. "सगळी रांग सांगतेय ना, बाई ढिली आहे म्हणून."

"रांगेला फक्त खिडकी दिसते, साहेब. आतलं तुम्ही पाहू शकता. सही करायला तुम्हाला कोण अडवतंय? पण आधी तासभर खिडकीवर बसा. औषधं तर तुम्ही ओळखताच."

साहेबांना ते जरा लागलं. त्या ताठ्यातच ते खिडकीवर जाऊन बसले. पहिली चिठ्ठी, गोळ्या मागे. दुसरी चिठ्ठी, गोळ्या मागे. मागच्या खोलीला दोन पायऱ्या, त्यात दार अंगावर येणारं. अर्ध्या तासात सदरा पाठीला चिकटला. गोळ्यांची पाकिटं घेऊन ते परत येत होते, तेवढ्यात रांगेतल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "हा नवा माणूस त्या बाईपेक्षाही ढिला निघाला गं."

साहेब जागच्या जागी थांबले. मग त्यांनी ताईंकडे वळून हळूच विचारलं, "रोजची औषधं मागे ठेवायला सांगितलं कुणी?"

"तुम्हीच, साहेब."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही."

एक्केचाळीस तक्रारी, आणि त्यातली एकही खऱ्या दोषी माणसाविरुद्ध नव्हती! साहेब खोलीत गेले, बदलीचा कागद फाडला आणि बाहेर येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "ताई, चूक माझी आहे. तुम्ही कुठेही जायचं नाही."

ताई खुर्चीवर टेकल्या आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी मोकळा श्वास घेतला.

रविवारी साहेबांनी स्वतः खोकी उचलली. सर्वांत जास्त लागणारी वीस औषधं खिडकीशेजारी आली, बाकीची मागे गेली. तपासणीवाल्यांचं काय, असं एकाने विचारलं, तेव्हा साहेब म्हणाले, "फळी रिकामी का म्हणून विचारलं, तर सांगेन, औषध लोकांच्या घरी गेलंय."

सोमवारी, एरवी दीडला संपणारी रांग साडेबाराच्या आत संपली. ताई घरी चालत गेल्या. नवऱ्याला भरवून झाल्यावर, पहिल्यांदाच, त्यांच्याजवळ बसून स्वतःही सावकाश जेवल्या.

मंडळी, एखादा माणूस ढिला वाटला, तर त्याच्या कामाच्या वाटेवर आधी आपण चालून पाहू या. ती वाट वाकडी कुणी केली, हे शोधू या. आणि ती आपणच केलेली निघाली, तर तसं कबूल करायला लाजायचं नाही. तेवढ्यानेही कुणाच्या तरी घरातलं जेवण सुखाचं होतं.