घरचं क्रीम

भाचीने तोंडावरचा रुमाल काढला आणि मावशीच्या हातातला दोरा तुटला. खुर्चीतल्या बाईंची एक भुवई झाली होती, दुसरी व्हायची होती.

"मावशी, बघ ना गं," भाची रडकुंडीला आली होती. "आईकडे गेले तिथे क्रीम संपलं म्हणून दोन दिवस लावलं नाही, तर हे असं. रस्त्यावरून चालत आले तर नुसती आग आग होतेय."

दोन्ही गाल लालभडक. त्यावर बारीक पुरळ, आणि कातडीखालच्या शिरा मोजता येतील इतक्या उघड्या. मावशीने नजर फिरवली. कारण गुलाबपाणी आणि कोरफडीने असे गाल होत नाहीत, हे त्या दुकानात फक्त तिला माहीत होतं.

दुकान दोन खुर्च्यांचं. मागे पडदा, पडद्यामागे ओटा. दर सोमवारी दुकान बंद ठेवून मावशी तिथे क्रीम घोटायची. गुलाबपाणी, कोरफडीचा गर, ग्लिसरीन, साधं कोल्ड क्रीम. आणि शेवटी औषधाच्या दुकानातल्या दोन ट्यूब. डॉक्टर चार दिवस लावायला देतात ते खाजेचं मलम, स्टेरॉइडचं. त्यानेच तर चेहरा आठवड्यात उजळायचा आणि बायका मावशीच्या हाताला गुण आहे म्हणायच्या. रिकाम्या ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळून ती दुसऱ्या गल्लीतल्या कचऱ्यात टाकायची. ज्या बाईंकडे ती हे शिकली त्यांनी बजावलं होतं, "पंधरा दिवस द्यायचं, मग महिनाभर 'संपलंय' म्हणायचं. विसरलीस तर अंगाशी येईल."

गिऱ्हाइकांच्या बाबतीत मावशी कधी विसरली नाही. पण भाची घरची. शिकायला म्हणून बहिणीने पाठवलेली, मावशीकडेच राहणारी. घरच्या पोरीला 'संपलंय' कोण म्हणणार? ती आपली फळीवरची डबी उचलायची आणि दोन वेळ थापायची. असं आठ महिने चाललं होतं, आणि मावशीने ते रोज पाहिलं होतं.

"ही घे नवी डबी," असं मावशी म्हणाली, तेवढ्यात एका भुवईच्या बाई खुर्चीतून ओरडल्या, "डबी काय देताय? डॉक्टरकडे न्या तिला! माझी भुवई काही पळून जात नाही."

मग इलाजच उरला नाही.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या, आणि मावशीला त्याचीच जास्त भीती वाटली. त्यांनी भिंग लावून गाल पाहिले. "चेहऱ्याला काय लावतेस?"

"घरचं क्रीम. मावशी स्वतः बनवते. सगळं नैसर्गिक असतं," भाची अभिमानाने म्हणाली.

"त्यात ट्यूबमधलं काही?"

प्रश्न मावशीला होता. डोळ्यांपुढे दुकानाची पाटी आली, कुलूप आलं, बहिणीचा चेहरा आला. "छे," ती म्हणाली. "कोरफड, गुलाबपाणी."

"हं." डॉक्टरीणबाईंनी भाचीकडे पाहिलं. "चेहरा बघून मला तर मलमाचंच वाटतंय. पण नाही म्हणता, तर मग शरीरातला आजार असू शकतो. रक्त तपासू, आणि गालाचा एक छोटासा तुकडा काढू. एक टाका पडेल."

"गालाचा?" भाचीने मावशीचा हात घट्ट धरला. "डाग राहील?"

"थोडा राहील."

भाचीला टेबलावर झोपवलं. नर्सने गाल पुसला. ट्रेमध्ये सुई होती, आणि पेन्सिलीएवढी एक गोल पाती. मावशी भिंतीला टेकून उभी होती. आत्ता गप्प बसलं तर सगळं निभावेल, असं एक मन म्हणत होतं. एक टाका तर आहे, म्हणत होतं. त्या मनाची तिला शिसारी आली, पण तोंड काही उघडेना. भाचीने डोळे मिटले. सुई गालाजवळ आली.

"थांबा! ट्यूब आहे," मावशी किंचाळली. "दोन ट्यूब घालते मी. दर वेळी."

डॉक्टरीणबाईंनी सुई खाली ठेवली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी ट्यूबचं नाव विचारून लिहून घेतलं. "क्रीम एकदम तोडायचं नाही, मी सांगेन तसं उतरवायचं. ऊन अजिबात नाही. आधी चेहरा आणखी बिघडेल, मग सुधारेल. वर्षही लागेल. कातडी पातळ झालीय, ती किती भरून येईल ते आत्ता सांगता येत नाही." मग त्यांनी लेखणी वर केली. "आणखी किती जणींना देता?"

"चाळीसेक."

"सगळ्यांना इथे पाठवा. आणि तुम्ही स्वतः किती वर्षं लावताय? या, तुमचाही चेहरा बघते."

मावशी हलली नाही. टेबलावर भाची उठून बसली. तिने मावशीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, जो ती रोज पाहत होती आणि तरी कधी नीट पाहिला नव्हता. सावळा, नितळ, जाडजूड कातडीचा, पन्नाशीतला धडधाकट चेहरा.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "तू कधीच लावलं नाहीस ना?"

मावशीने मान खाली घातली. भाचीने नर्सकडून आपला रुमाल मागून घेतला आणि मावशीकडे पाठ करून तो तोंडाला बांधला.