जिभेच्या जागी ठेवलेला पेन

मी एक डिजिटल पेन बोलतोय. दिसायला तुमच्या खिशातल्या पेनासारखाच, फक्त अंगानं जरा जाड. शाईची कांडी माझ्याही पोटात आहे. फरक एवढाच की माझ्या टोकाजवळ एक बारीक डोळा आहे. माझ्यासाठी बारीक ठिपक्यांची वेगळी वही मिळते. त्या ठिपक्यांवरून टोक कसं कसं फिरलं ते हा डोळा टिपतो आणि शेजारच्या फोनला कळवतो. पुढचं काम माझं नाही. हाताच्या अक्षराचं छापील अक्षर करायचं, विषय ओळखायचा, ज्याच्या त्याच्या कप्प्यात नीट ठेवायचं, हे सगळं फोनमधलं ॲप करतं. चुकलं की शिव्या मात्र मला बसतात.

आधीच सांगतो, मी दमलोय. टोक झिजलंय. सकाळी चार्जिंगवरून काढलं तर दुपारच्या चहाला जीव जातो. त्यामुळे फार पाल्हाळ लावणार नाही.

जन्माचं कौतुक सांगण्यासारखं काही नाही. एका मोठ्या कारखान्यात कुणीतरी मला हातात धरून कागदावर एक वेटोळं काढलं, माझा दिवा हिरवा लागला आणि मी डब्यात गेलो. डब्यातून निघालो तो थेट नागपुरात, काजलच्या टेबलावर. काजल हुडकेश्वरला आईवडिलांसोबत राहते आणि एका खासगी कंपनीत नोकरी करते. मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते लिहून ठेवायचं काम तिच्याकडे होतं, म्हणून मी आलो.

मीटिंगा मी पुष्कळ पाहिल्या. ‘तातडीचे’ असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या की माणसाला ते काम झाल्यासारखं वाटतं. साहेब बोलायला लागले की काजल समासात वेली काढायची, आणि ॲप त्या वेलींनाही ‘आकृती’ म्हणून जपून ठेवायचं. ते सगळं नंतर कुणी उघडून पाहिलं असेल असं मला वाटत नाही. मग कंपनीत नवी पद्धत आली, मीटिंगा फोनच टिपून घ्यायला लागला आणि मी खणात पडलो. सोबतीला पिनांचा डबा, हॉटेलातून आलेल्या बडीशेपेच्या पुड्या आणि संपलेले सेल. खरं सांगू, मला तिथं काही दुःख नव्हतं. चांगली झोप लागत होती.

खण पुन्हा उघडला तो काजलच्या वडिलांच्या ऑपरेशननंतर.

शालिकराम त्यांचं नाव. सारी उमर त्यांनी भाजीबाजारात लिलाव पुकारला. पहाटे ढिगावर उभं राहून बोली लावायची, या व्यापाऱ्याला चिडवायचं, त्याला चढवायचं आणि माल उठवायचा. आवाज असा की रस्त्यापलीकडचा चहावाला त्या आवाजावर दूध चुलीवर ठेवायचा, असं घरात सांगतात. सोबत दिवसभर गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. मग घसा बसला, बसलेला उठेना, आणि डॉक्टरांना आवाजाची पेटीच काढून टाकावी लागली. गळ्याला श्वासासाठी एक भोक राहिलं. जेवण हळूहळू जमलं, बोलणं गेलं ते गेलं.

काजलनं मला त्यांच्या हातात दिलं. म्हणाली, “बाबा, तुमी यानं लिहा. फोन वाचून दाखवते. आईले वाचता येत नाई नं, तिले ऐकू येईल.”

घरातला जुना फोन तिनं पलंगाशेजारी ठेवला. शालिकरामांनी मला मुठीत धरलं, पोरं खडू धरतात तसं, आणि लिहिलं, ‘मीरा, चहा मांड वं.’ फोनमधली बाई बोलली, “मीरा, चहा मांड व.” बातम्या देणाऱ्या बाईसारखा तिचा आवाज.

काजलची आई मीराबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. “कोन बाई आली वं घरात?”

काजल हसली. शालिकराम हसले, पण त्या हसण्याला आवाज नव्हता. मीराबाईंनी पदर तोंडाला लावला आणि चहा मांडायला गेल्या.

त्या दिवसापासून मला उसंत म्हणून नाही. बोलक्या माणसाची जीभ व्हायचं म्हणजे काय असतं ते माझ्या टोकाला विचारा. वरण खारट झालं, लिहा. शेजाऱ्यानं गाडी फाटकात लावली, लिहा. टीव्हीवर कुणी झेल सोडला, लिहा. राग आला की अक्षर एवढं मोठं व्हायचं की एका पानावर दोनच शब्द बसायचे. माणूस लिहूनही ओरडू शकतो हे मला त्यांच्याकडं कळलं. मला कधीकधी वाटायचं, थोडं मनातही ठेवावं की माणसानं.

लिहायचे ते आपल्याच बोलीत. ॲपला ती बोली येत नव्हती. ‘काहून उशीर झाला’, म्हणजे का उशीर झाला, असं लिहिलं की ते ‘काढून उशीर झाला’ असं करायचं. एकदा त्यांनी दुपारी लिहिलं, ‘मले झोप लागली.’ ॲपनं केलं, ‘मेले झोप लागली.’ काजलच्या फोनवर पण हे सगळं दिसायचं. ती बिचारी ऑफिसातून रडत रडत गाडी चालवत आली. बघते तर बाबा गाढ झोपलेले. मग तिनं ॲपला शिकवून ठेवलं की ‘मले’ दिसलं की ‘मला’ समजायचं. ॲप हुशार. ते तेवढ्यावर थांबलं नाही, या घराची सगळीच भाषा सुधारायला लागलं.

मग पावसाळा संपता संपता मानेत पुन्हा गाठ आली. डॉक्टर म्हणाले, आणखी एक ऑपरेशन करावं लागेल. घरात सगळे एकमेकांना धीर देत होते. नातेवाईक येऊन सांगत होते, “शालिकरामभाऊ वाघ हाय, त्याले काय होते?” शालिकराम मान डोलावत होते. एवढ्या लोकांनी वाघ म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी काजल ऑफिसात गेल्यावर त्यांनी मला हातात घेतलं. टोक कागदावर टेकवलं. मग लिहिलं. रागाचं मोठं अक्षर नव्हतं ते. बारीक होतं, कापरं.

‘मले भेव लागून राहिलं मीरा.’

भेव म्हणजे भीती. या घरात भीतीला भेवच म्हणतात. इतके दिवस त्यांच्या हातात होतो, पण असलं काही त्यांनी कधी लिहिलं नव्हतं, आणि माझी खात्री आहे, आवाज होता तेव्हा बोललेही नसतील. मी एकेक वळण नीट टिपलं आणि फोनला दिलं. माझ्याकडून कसूर झाली नाही.

ॲपनं सुधारलं. फोनमधली बाई स्वच्छ आवाजात म्हणाली, “मला भाव सांगून राहा, मीरा.”

मीराबाई भाजी निवडत होत्या. त्यांचा चेहरा खुलला. “भाव? बाजाराची याद आली काय जी तुमाले?” आणि त्या सांगायला लागल्या. वांगे स्वस्त झाले, टमाटर चढले, सांबार, म्हणजे कोथिंबीर, तर हातच लावू देत नाही.

शालिकरामांनी मान हलवली, नाही नाही केलं. पुन्हा लिहिलं, जरा मोठं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सुटं सुटं अक्षर काढून लिहिलं. बाईनं पुन्हा भावच विचारला. त्यांनी छातीवर हात ठेवून दाखवला, तर मीराबाई बाम घेऊन आल्या आणि छाती चोळायला लागल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि चोळू दिलं.

तुम्ही म्हणाल, ‘भीती’ असं का लिहिलं नाही? ॲपला लगेच कळलं असतं. पण तो शब्द त्यांच्या तोंडात कधी नव्हता, तर हातात कुठून येणार! आणि संध्याकाळी काजल आली तेव्हा त्यांनी वहीचं पान उलटून ठेवलं. मुलीसमोर भेव दाखवायचं नव्हतं. ते बायकोला सांगायचं होतं, आणि बायकोला वाचता येत नव्हतं.

पुढचे दिवस मला फार जड गेले. रोज दुपारी ते तेच वाक्य लिहायचे. रोज बाई भाव विचारायची. मीराबाई भोळ्या मनानं मुद्दाम बाजारात जायच्या, चार दुकानं फिरून भाव विचारून यायच्या आणि पलंगाशी बसून नवऱ्याला सांगायच्या. एवढ्या प्रेमानं कुणी कुणाला कोबीचा भाव सांगितलेला मी पाहिला नाही. आणि ॲप ती सगळी वाक्यं ‘बाजार’ नावाच्या कप्प्यात, जो काजल कधी उघडत नव्हती, एकावर एक रचत होतं. एका माणसाचं सगळं भेव तिथं वांग्याटमाटरांशेजारी तारीखवार लागलं होतं. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती.

मग त्यांनी लिहिणंच सोडलं. पाणी हवं असलं तर पेल्याकडं बोट दाखवायचे. मी उशाशी पडून होतो. विश्रांती हवी हवी म्हणत होतो, ती अशी मिळाली, आणि मला ती मुळीच गोड लागली नाही.

पोळ्या करता करता मीराबाई काजलला म्हणाल्या, “काजल, तुये बाबा काईच लिहून नाई राहिले. याईले बाजाराची याद येऊन राहिली वं. भरती कराच्या आधी एक डाव नेऊन आनू काय बाजारात?”

“बाजाराची याद? मले तं कधी नाई बोलले.”

“रोज भाव इचारे नं मले! तुया फोनवालीनंच सांगतलं.”

काजलला नवल वाटलं. तिनं आपल्या फोनवर ‘बाजार’ कप्पा उघडला. वरपासून खालपर्यंत एकच ओळ. मला भाव सांगून राहा, मीरा. मला भाव सांगून राहा, मीरा. ॲपमध्ये ओळीवर बोट दाबून धरलं की खालचं मूळ अक्षर दिसतं. इतक्या महिन्यांत ते तिनं कधी केलं नव्हतं. छापील नीटनेटकं वाचायला मिळत असताना वाकडंतिकडं कोण बघतं?

तिनं बोट दाबलं. वडिलांचं कापरं अक्षर समोर आलं. तिनं दुसरी ओळ दाबली, तिसरी दाबली. मग तिनं ओट्यापाशी उभ्या आईकडं पाहिलं.

“काय झालं वं? काय लिवलं हाय?”

काजलनं फोन बाजूला ठेवला आणि आपल्या तोंडानं सांगितलं. “आई, बाबा भाव नाई इचारत. ‘मले भेव लागून राहिलं मीरा’ असं लिहून राहिले. रोज.”

मीराबाईंची पोळी तव्यावरच राहिली. जळाली. त्या तशाच पिठाच्या हातानं बाहेर आल्या, पलंगाच्या काठावर बसल्या आणि नवऱ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता धीर देतील, वाघ म्हणतील.

त्या म्हणाल्या, “मलेई लागून राहिलं जी.”

आणि रडायला लागल्या. शालिकरामांचा चेहरा वाकडा झाला. गळ्याच्या भोकातून नुसती हवा ये-जा करत होती. त्यांनी तिचा पिठाचा हात घट्ट धरला. काजल दारात उभी होती. तिनं पुढं होऊन पलंगाशेजारच्या फोनचा आवाज बंद केला.

काल त्यांना दवाखान्यात भरती केलं. संध्याकाळी डॉक्टर घाईघाईनं आले, कागद चाळला आणि विचारलं, “काय काका, तयार ना?” शालिकरामांनी सवयीनं मान डोलावली.

“नाई साहेब,” मीराबाई उठून म्हणाल्या. मोठ्या माणसांसमोर त्या कधी बोलत नाहीत, त्यामुळे आवाज जरा जास्तच वर गेला. “याईले भेव लागून राहिलं. मलेई लागून राहिलं. तुमी जरा बसा अन् समजावून सांगा, काय करनार हाये तं.”

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. कुठं कापणार, किती वेळ लागेल, जाग आल्यावर काय काय दुखेल, सगळं सांगितलं. शालिकराम एकेका गोष्टीला मीराबाईंकडं बघायचे आणि त्या विचारायच्या. कुणी मला पिशवीतून बाहेर काढलं नाही.

आज सकाळी त्यांना आत नेलंय. मीराबाई बाहेर बाकावर बसल्या आहेत आणि मी त्यांच्या मुठीत आहे. घामानं मी ओला झालोय. माझा दिवा मघाशीच तांबडा झाला, थोड्या वेळात विझेल.

जाता जाता एवढंच मागतो. मी खोटं लिहीत नाही, पण माझ्यामागं जे छापील होऊन येतं त्यावर जाऊ नका. एकदा तरी बोट दाबून मूळ अक्षर बघा. आणि मीराबाई, तुम्हाला सांगतो, ते बाहेर आले, डोळे उघडले, की लगेच मला त्यांच्या हातात देऊ नका. आधी तुम्ही जवळ बसा. त्यांना काय म्हणायचंय ते तुम्हाला दिसेल. नाहीच दिसलं तर मग मी आहे, चार्ज करून घ्या.