चुंबकाची सुट्टी

मित्रांनो, मी एक जुना चुंबक आहे; वजन तीनशे किलो, मुक्काम बुऱ्हाणपूरच्या एका कॉलेजातली मागची खोली. दवाखान्यात माणसाच्या आतलं चित्र काढणारं एमआरआय यंत्र असतं ना, तसल्याच एका लहान यंत्राचा मी गाभा. माझ्यात माणूस मावत नाही. माझ्या पोटातून फक्त एक नळी जाते.

त्या नळीतून कॉलेजात शिकवणाऱ्या सुलभाबाई कागदासाठीचा केळीच्या खोडांचा लगदा सोडत. खोडं जवळच्या फोपनार गावाहून येत. पाणी नळीत मधोमध वेगानं आणि कडेला हळू वाहतं. लगद्याचं तसं नाही. त्याचे तंतू एकमेकांत गुंततात आणि मधला सगळा गोळा कडेच्या पाण्याच्या पातळ थरावरून एकसंध सरकतो. बाहेरून हे कुणालाच दिसत नाही, मला दिसे. लगदा कुठे तुंबणार, हे त्यावरून आधीच कळे. यात बाईंची सहा वर्षं गेली.

माझं पथ्य एकच: तीस अंशांची ऊब तुटू नये. गार झालो की माझी ताकद बदलते आणि ती पुन्हा स्थिरावायला दोन दिवस लागतात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकादशीला, या कामाला पैसा पुरवणाऱ्या कागद कारखान्याचे साहेब येणार होते. त्यांना पटलं तर काम पुढे चालणार, नाहीतर खोली बंद. खंडेनवमीला शिपाई देवरामनं मला हळदकुंकू वाहिलं आणि पूजेनंतर यंत्र चालू ठेवू नये म्हणून उबेचं बटण बंद केलं.

"सालभर राबते बिचारी," तो म्हणाला. "दोन दिवस आराम कर, माय."

एकादशीला साहेबांसमोर पडद्यावर नुसतं धुकं आलं.

"मॅडम, लगदा दाखवताय की आभाळ?" साहेब हसले.

"दोन दिवस थांबा," बाईंनी विनवलं.

"सहा वर्षं थांबलोच ना."

खोली आवरताना बाईंनी देवरामला पहिल्यांदाच एक जुनं, स्वच्छ चित्र दाखवलं. उबेचं कारणही सांगितलं. तो पडद्याजवळ सरकला.

"म्हणजे मीच मारलं हिला."

"तुमची चूक नाही, देवरामभाऊ."

"सहा वर्षं झाडू मारतोय इथं, बाई. हे आधी का नाही सांगितलं?"

बाईंनी पडदा बंद केला.

देवरामनं दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली. बाई वर्गावर जाताना या दारावरून जातात, थांबत नाहीत. माझी ताकद अजून शाबूत आहे, पण माझ्यातून आता काहीच वाहत नाही.

मित्रांनो, ज्याच्या हाती तुमच्या खोलीची किल्ली आहे, त्याला तुमचं काम समजावून सांगा. तो माया करणारा असेल, तर सगळ्यात आधी सांगा.