चार नंबरची फ्लॉपी

मित्रांनो, माझ्या कपाळावर निळ्या शाईने चारचा आकडा लिहिलेला आहे. शाई आता फिकी पडली आहे, पण उजेडात धरलं तर आकडा अजून वाचता येतो. मी एक जुनी फ्लॉपी आहे. तुमच्यापैकी कित्येकांनी मला पाहिलंही नसेल. तळहाताहून थोडी मोठी, काळी, चौकोनी, आणि पापडासारखी लवचीक. माझ्या पोटात मऊ कापडाचं अस्तर आहे आणि त्या अस्तरात एक तपकिरी चकती फिरते. ती चकती म्हणजे माझा जीव. माझ्या अंगाला एक लांबट खिडकी आहे. कॉम्प्युटर त्या खिडकीतून आत बघतो आणि चकतीवर जे साठवलेलं असतं ते वाचून घेतो.

आम्ही चौघी बहिणी एकाच खोक्यातून आलो. पहिल्या तिघींच्या पोटात नोंदी ठेवण्याचं सॉफ्टवेअर होतं. माझ्या पोटात होती मदत. काम करता करता माणूस अडला, की कीबोर्डवरचं F1 लिहिलेलं बटण दाबायचं. मग पडद्यावर पानं उघडायची : हे असं करा, ते तसं दुरुस्त करा. ती सगळी पानं माझी. मला त्याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू. पुढे कळलं, की सगळं सुरळीत चाललेलं असताना मदतीची पानं कोणी उघडत नाही.

आम्ही आलो ते डिचोलीला, बाजारावरच्या माडीतल्या एका बालआरोग्य केंद्रात. गोवा राज्य होऊन चारेक वर्षं झाली होती. केंद्राच्या पाटीवर कोंकणीत नाव रंगवून झालं होतं, आत मुलांची कार्डं मराठीत लिहिलेली होती, आणि कॉम्प्युटरला तर इंग्रजीशिवाय काही कळतच नव्हतं. केंद्राचा शिपाई सगुण म्हणायचा, “ही पेटी कोणाचीच नाय. म्हणून सगळ्यांची कामां करता.”

कॉम्प्युटर सांभाळायला दिपाली नावाची मुलगी होती. म्हापशाला क्लास करून आलेली, बोटं चपळ, आवाज हळू. लशी टोचायला गावोगाव फिरणारी नर्स म्हणजे सरस्वतीबाई. त्या पेडण्याकडच्या, चोपड्याच्या. चालणं भरभर आणि बोलणं त्याहून भरभर. दोन हजार तीनशे मुलांची कार्डं दिपालीने एकेक करून कॉम्प्युटरमध्ये घातली. कुठल्या बाळाला त्रिगुणी लशीचा कितवा डोस झाला, पुढचा कधी, घर कुठे. “आणि मूळ गावसुद्धा घालते,” ती म्हणाली. “खाणीवरची माणसं पावसाळ्यात निघून जातात. गाव ठाऊक असलेलं बरं.”

मुलं कॉम्प्युटरमध्ये गेली तशी कार्डं एका पत्र्याच्या ट्रंकेत गेली. आता कशाला ती ओळीने लावायची, म्हणून कशीही गेली. आणि माझी पानं कॉम्प्युटरच्या पोटात उतरवून झाल्यावर मी ड्रॉवरमध्ये गेले.

पहिली चूक झाली ती दसऱ्याला. चूक तरी कशी म्हणू, मायाच होती ती.

खाणीवरच्या ट्रकांची पूजा व्हायची, कोयत्यांची व्हायची, तिठ्यावरच्या शिंप्याच्या मशीनचीही व्हायची. सगुणाने पूजेचं ताट आणलं आणि तो दिपालीला म्हणाला, “बाय, मग ह्या पेटयेन काय पाप केल्यान?”

“पूजा करा हो, पण कामाच्या फ्लॉप्यांना हात लावू नका,” दिपालीने बजावलं.

सगुण शब्दाला पक्का. कामाच्या फ्लॉप्यांना त्याने बोटसुद्धा लावलं नाही. जिला काम नव्हतं तिला त्याने काढलं. मला कॉम्प्युटरवर मधोमध ठेवून त्याने आम्हा सगळ्यांची पूजा माझ्यावरच केली. आणि गंध लावायला त्याला माझ्या अंगावर जागा कुठली दिसली असेल? ती खिडकी. ओलं गंध, त्यावर कुंकू, त्यावर अक्षता. नारळाच्या पाण्याचे दोन थेंबही पडले. मग त्याने मला हात जोडले, पाकिटात घातलं आणि जपून ड्रॉवरमध्ये ठेवलं. खरं सांगते, त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. इतक्या महिन्यांत माझी कोणी आठवण काढली होती.

दुसरी चूक फेब्रुवारीतली. कॉम्प्युटरचं पोट भरत आलं होतं. नवी बाळं आली होती आणि त्यांना जागा नव्हती. काय काढावं म्हणून दिपाली यादी बघत बसली. माझी पानं बरीच जागा अडवून होती आणि वर्षभरात तिने ती दोनदाच उघडली होती. “चार नंबरची फ्लॉपी आहेच की ड्रॉवरमध्ये,” ती स्वतःशी म्हणाली आणि तिने पानं पुसली. त्या जागी पावणेदोनशे बाळं बसली. मला राग आला नाही. बाळांसाठी कोणी मला उठवलं तर मी का रुसावं?

मे महिना उजाडला. मुळगावच्या खाणीजवळ कोल्हापूर, बेळगावकडच्या कामगारांची वस्ती होती. शनिवारी काम बंद होणार आणि वस्ती उठणार होती. त्याआधी, गुरुवारी, सरस्वतीबाई बर्फाची पेटी घेऊन तिथे जाणार होत्या. बऱ्याच बाळांचा तिसरा डोस राहिला होता.

बुधवारी दिपाली यादी लावत असतानाच वीज गेली. वीज परत आली, कॉम्प्युटर सुरू झाला, पण मुळगावची यादी मागितली तर कागद कोरा निघाला. डिचोलीची मागितली तर साखळी गावची मुलं आली. मुलं होती सगळी आतच, पण कोण कुठे आहे याचा माग ठेवणारी सूची बिघडली होती. हे दुरुस्त करायची आज्ञा एका ओळीची होती. दिपालीला ती आठवेना.

तिने मदतीचं बटण दाबलं. पडद्यावर एकच ओळ आली : मदतीची फाइल सापडत नाही.

तिने पुन्हा दाबलं. मग तिने कॉम्प्युटरमधला प्रत्येक कप्पा उघडून पाहिला, कुठे चुकून राहिली असेल म्हणून. आणि मग तिला फेब्रुवारीत पुसलेली पानं आठवली. तिने म्हापशाला, सॉफ्टवेअर देणाऱ्या माणसाला फोन लावला.

“अहो बाई, त्यात काय,” तिकडून आवाज आला. “मदतीचं बटण दाबा ना. सगळं त्यात लिहिलंय.”

“मदतच गेलीय,” दिपाली म्हणाली.

“मग मी येतो सोमवारी. आत्ता बेळगावला लग्नाला निघालोय.”

सोमवारी वस्तीत कोणी राहणार नव्हतं. दिपालीने ड्रॉवर उघडला आणि मला बाहेर काढलं.

मित्रांनो, ज्या क्षणासाठी मी जन्मले तो हा क्षण. आणि मला फिरता येईना. खिडकीतून आत गेलेलं गंध वाळून चकती अस्तराला चिकटली होती. फ्लॉपी वाचणाऱ्या यंत्राने मला खरखर ओढलं, तीनदा ओढलं आणि सांगून टाकलं, हिचं काही वाचता येत नाही. दिपालीने मला उजेडात धरलं. खिडकीत लाल खपली दिसली.

“सगुणदादा, हे काय?”

सगुणाने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. “तूच म्हणालंस गो, कामाच्यांका हात लावू नको.”

तेवढ्यात सरस्वतीबाई आल्या. “काय गो बाय, यादी खंय? की तुझ्या पेटयेन आमची भुरगी गिळली?” भुरगी म्हणजे मुलं.

“चूक माझी आहे,” दिपाली म्हणाली. “पानं मी पुसली.”

“चूक मागीर वाटून घेवया. भुरगी काढ आधी.”

“यादीशिवाय नाही का जाता येणार?”

“कोणाचो दुसरो, कोणाचो तिसरो, कोणाचो महिनो भरूक नाय, ता मी काय तोंड बघून सांगू?”

सरस्वतीबाईंनी पदर खोचला, ट्रंक ओढली आणि त्या आणि सगुण जमिनीवर बसून कार्डं निवडू लागले. गुरुवार सगळा त्यातच गेला. संध्याकाळपर्यंत चारशे कार्डं झाली. दिपाली आपल्याला आठवतील तशा आज्ञा करून बघत होती. एकही लागू पडली नाही.

शुक्रवारी सकाळी ती आली ती काहीतरी ठरवूनच. “सरस्वतीबाई, क्लासमध्ये आमचे सर म्हणायचे, फ्लॉपीला लोहचुंबक मारतो, पाणी नाही मारत. हिला धुतलं तर?”

सरस्वतीबाईंनी मला हातात घेतलं, उलटसुलट केलं. “धुवची म्हणतंस? मग हयसर दी. बाळंतिणीच्या खोलीत मी पंचवीस वर्षां धुयत इलंय.”

सिरिंजांसाठी उकळून निववलेलं पाणी त्यांनी एका वाडग्यात घेतलं. बारीक कात्रीने माझी एक कड उसवली. दिपालीने दोन बोटांनी माझी चकती बाहेर काढली.

“मधी बोट लावू नको. कडेन धर. न्हाणयताना बाळाची मान धरतत तशी.”

मी पाण्यात गेले. आयुष्यात पहिल्यांदाच उघड्यावर. कापसाच्या बोळ्याने त्या माझ्यावरून अलगद हात फिरवत होत्या आणि पाणी हळूहळू गुलाबी होत होतं. सगुण दारात उभा राहून बघत होता. आत यायला तो धजत नव्हता. नंतर मला स्वच्छ मलमलीवर पंख्याखाली ठेवलं. उन्हात नाही, पुसायचं नाही, फक्त वाळू द्यायचं. तोवर दिपालीने एका कोऱ्या फ्लॉपीची कड कापून तिची चकती काढली आणि स्पिरिटच्या बोळ्याने यंत्राचं तोंडही पुसून घेतलं. मग मला त्या नव्या अंगरख्यात सरकवलं. माझ्या जुन्या अंगावरचं चार नंबरचं लेबल तिने सोडवून घेतलं आणि या अंगावर चिकटवलं.

यंत्र फिरलं. मीही फिरले. काही पानं फाटल्यासारखी आली, काही आलीच नाहीत. पण सूची नव्याने बांधायचं पान आलं. दिपालीने ते मोठ्याने वाचलं, ती एक ओळ टाइप केली आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत राहिली. पडद्यावर आकडे धावू लागले. शंभर, पाचशे, हजार, दोन हजार. मग प्रिंटर करकरू लागला आणि मुळगावची बाळं एकामागून एक कागदावर उतरली. एकेचाळीस नावं होती.

सरस्वतीबाईंनी कागद फाडून घेतला. जिना उतरतानाच त्या सगुणाला हाक मारत होत्या, “पेटी उचल रे, बर्फ माझ्यासाठी थांबाचो नाय.”

सांजवेळी त्या परतल्या तेव्हा चाळीस नावांपुढे खूण होती. एकेचाळिसाव्यापुढे नव्हती. प्रतीक्षा नावाची दहा महिन्यांची मुलगी, आनंदा आणि उषा या जोडप्याची. मुकादमाच्या ट्रकात जागा होती म्हणून त्यांचं बिऱ्हाड त्याच सकाळी गेलं होतं. ठरल्याप्रमाणे गुरुवारी गेलो असतो तर ती भेटली असती, हे सगळ्यांना कळत होतं. मलासुद्धा.

“चाळीस म्हणजे पुष्कळ झाली,” सगुण हळूच म्हणाला.

दिपालीने यादीतला शेवटचा रकाना पाहिला. मूळ गाव. गडहिंग्लजजवळचं एक लहानसं गाव होतं. तिने पोस्टकार्ड घेतलं आणि सोप्या मराठीत लिहिलं : तुमच्या मुलीचा तिसरा डोस राहिला आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात जा आणि हे कार्ड दाखवा. पहिले दोन कुठल्या तारखेला झाले, तेही तिने त्यात लिहिलं.

पावसाळा गेला, चतुर्थी झाली. उत्तर आलं नाही. त्या अवधीत दिपालीने माझ्या वाचता येणाऱ्या पानांच्या दोन प्रती काढल्या, एक कपाटात ठेवली आणि एक पेडण्याच्या केंद्राला पाठवली. हरवलेली पानं म्हापशाच्या माणसाकडून मागून घेतली. नेहमी अडणाऱ्या गोष्टी तिने एका वहीत मराठीत लिहून काढल्या. कॉम्प्युटर पुन्हा भरला तेव्हा तिने बरंच काही पुसलं, पण प्रतीक्षाच्या नावापुढचा रिकामा चौकोन तिने कधी पुसला नाही. यादी काढली की तिची नजर तिथे जायचीच.

दिवाळीनंतर खाणी सुरू झाल्या. एक दिवस जिन्यावर पावलं वाजली आणि डोक्यावरचा पदर सावरत एक बाई आत आली. कडेवर खट्याळ डोळ्यांची मुलगी, केसांना दोन रबरं.

“दिपालीबाई तुम्हीच का?” ती म्हणाली. “मी उषा. प्रतीक्षाची आई. तुमचं कार्ड आलं बगा गावाला. आमाला वाचाय येत न्हाई. साळंतल्या मास्तरांनी वाचून दाखिवलं. दुसऱ्या दिशी घेऊन गेलो पोरीला.”

तिने कमरेच्या पिशवीतून ते पोस्टकार्ड काढलं. घड्या पडून मऊ झालेलं. दिपालीच्या अक्षराखाली तिथल्या आरोग्य केंद्राचा जांभळा शिक्का होता आणि एक तारीख होती. जूनमधली.

“उत्तर का नाही पाठवलंत हो?” दिपालीने विचारलं.

“पाठवून हरवलं असतं म्हंजे? म्हून हातानंच आणलं.”

दिपालीने कॉम्प्युटरवर प्रतीक्षाचं नाव काढलं आणि रिकाम्या चौकोनात ती तारीख घातली. प्रतीक्षा टेबलावर हात आपटत होती. सरस्वतीबाईंनी तिला उचललं, दंड चाचपला आणि म्हणाल्या, “बरी वाढलीस गो. आता बूस्टराक पळान जाव नको.”

मित्रांनो, त्यालाही आता किती वर्षं झाली. कॉम्प्युटर बदलले, मला वाचणारं यंत्रच कुठे उरलेलं नाही. मी एका पाकिटात, त्या वहीसोबत असते. माझं एवढंच ऐका. ज्या वस्तूची आणि ज्या माणसाची रोज गरज पडत नाही, त्यांचीही अधूनमधून चौकशी करत जा. त्यांना नुसतं हात जोडून ठेवू नका, एकदा बाहेर काढून बघा, ती अजून चालतात का ते. आणि कधी कोणाचं काही तुमच्या हातून राहून गेलंच, तर चाळीस झाली म्हणून थांबू नका. एकेचाळिसाव्याला पत्र लिहा.