लाभापासून मोजा

चोवीस ओळी कमी येत होत्या. चार कोटींच्या टेबलात चोवीस! पण माझं डोकं फिरवायले तेवढ्या बस होत्या.

आरमोरीच्या घरी बसून मी दवाखान्यांच्या नोंदी जुन्या सर्व्हरवरून नव्या टेबलात हलवून राह्यली होती. नवं टेबल चोवीस मशिनींवर वाटलेलं. माझा कोड प्रत्येक मशिनीले तिच्या ओळी मोजायले सांगे, मग सगळ्यांची बेरीज करे. चार वाजता जुना सर्व्हर कायमचा पुसणार होते. एक ओळ म्हणजे एक पेशंट.

"दिव्यानी, चार कोटीत चोवीस कोन पाहते? जुळलं म्हून लिहून टाक," नागपूरहून आमचा टीम लीडर भूपेश म्हणाला.

"तुझ्या आजीची नोंद त्यात असली तं?" म्हणून मी फोन आपटला.

आई तांदूळ निवडून राह्यली होती. "काऊन चिडून राह्यली वो?"

"चोवीस मशिनी आहेत, अन् चोवीसच कमी येऊन राह्यल्या!"

"मंग लाभ सोडला असशीन. लहानपणी सोडत होती तसा."

माझे हातच थांबले.

खळ्यावर धान मोजताना बाबा पहिल्या पायलीले 'एक' कधीच म्हणत नव्हते. "लाभ... दोन... तीन..." दर पायलीले एक खडा ठेवायचं काम माझं. मले वाटे लाभ म्हणजे देवाचं नाव, मोजणी दोनापासूनच असते. चार ढिगांत चार खडे कमी पडले. बाबांनी सगळं धान पुन्हा मोजलं, पण रागावले नाई. "लाभाले खडा नाई ठेवला वो माझ्या बाईनं!" म्हणून पोट धरून हसले. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. ते हसणं मले आज फार पाहिजे होतं.

कोड उघडला. मशिनींनी ओळींना शून्यापासून नंबर दिले होते, अन् मी एकापासून मोजून राह्यली होती. दर मशिनीचा पहिला पेशंट बाहेरच. हात् तिच्या! एकाचं शून्य केलं, कोड पुन्हा चालवला. साडेतीनले बेरीज जुळली.

कोडातल्या त्या ओळीशेजारी मी टीप लिहिली: लाभापासून मोजा.

लगेच भूपेशचा फोन. "जुळलं की वो! पण हे लाभ काय आहे?"

"पहिला," म्हटलं, अन् फोन आईपुढं केला. आईनं तो घेतला.

"पहिल्याले खडा ठेवा लागते, बाबू," ती म्हणाली. "तिच्या बाबानं शिकवलं होतं. तिनं आज ठेवला."