बापाची डावी मांडी

लेकीने संशोधनासाठी डावी मांडी मागितली, तेव्हा बापाला आभाळ ठेंगणं झालं. आयुष्यभर बसचा क्लच दाबून घट्ट झालेली ती मांडी खुब्याच्या ऑपरेशननंतर पार वाळली होती. तिचाही कुणाला उपयोग आहे म्हटल्यावर म्हातारा फुगणारच.

लेक स्नायूंची अभ्यासक. खुब्याच्या वरून निघून मांडीच्या पुढून गुडघ्याच्या वाटीपर्यंत जाणारा लांब स्नायू, हाच तिचा संसार. माणूस पडून राहिला की तो कसा झिजतो, हे तिला दाखवायचं होतं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण लेक रोज बजावायची, "पडून राहा बाबा, उगाच धडपडू नका." भोळ्या बापाला ती माया वाटायची.

मापं घेणार म्हणजे परीक्षाच, असं धरून तो तयारीला लागला. लेक कामावर गेली की तो पलंगाचा कठडा धरून उठबस करायचा. पाय लटपटायचे, डोळ्यांत पाणी यायचं, पण पठ्ठ्याने सोडलं नाही.

मापाच्या दिवशी प्रयोगशाळेत तो कुणाचाही हात न धरता खुर्चीतून उठला आणि दारापर्यंत चालत गेला.

"बघ बाळा! कसं काय?"

लेकीने त्याला आडवं करून मांडीवर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. पडद्यावर स्नायू चांगला भरलेला दिसला. तिचं डोकंच फिरलं.

"कुणी सांगितले होते हे उद्योग? सगळ्यावर पाणी फिरवलंत. मला वाळलेला स्नायू हवा होता!"

बाप ओशाळला. "मग आता गं?"

"आता काय? पुन्हा पडून राहा. आणि पाय हलवायचा नाही."

या वयात दुसऱ्यांदा गेलेली ताकद परत येईल याचा भरवसा नसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने ते सांगितलं नाही. बाप मात्र शब्दाला जागला. दारावरची बेल वाजली तरी उठला नाही.

पुढच्या मापाला त्याला चाकाच्या खुर्चीतून न्यावं लागलं. पडद्याकडे बघता बघता लेकीचा चेहरा खुलला. कितीतरी वर्षांनी तिने त्याच्या गालावरून हात फिरवला.

"शाब्बास बाबा! अगदी असाच हवा होता."

म्हाताऱ्याला भरून आलं. "उठू आता?" म्हणत त्याने जोर लावला. पाय जागचा हलेना. त्याने पुन्हा जोर लावला आणि घाबरून लेकीकडे पाहिलं.

"घाई कसली?" ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "उजवीही बघू. तीही अशीच झाली असेल, तर दुधात साखर!"

म्हातारा उजव्या मांडीवरची चादर बाजूला सारू लागला.