आरोहीला तोलणारा तराजू

मित्रांनो, शाळेच्या कोठीत फुटक्या बाकांच्या आणि स्नेहसंमेलनातल्या पुठ्ठ्याच्या डोंगरांच्या मागे खुंटीला एक जुना लोखंडी तराजू टांगलेला आहे ना, तोच मी. हसू नका. अंगावर गंज आहे, दांडीचा निळा रंग उडालाय, एक पारडं जरा चेपलंय, कबूल. पण माझा काटा अजून मधोमध ताठ उभा राहतो. परवा शिपाईमामा म्हणत होते की यंदा कोठी साफ करायची आणि जुनं लोखंड भंगारात घालायचं. घाला की! पण त्याआधी माझी गोष्ट ऐकून जा.

सिरसाळ्याच्या एका लोहाराच्या भट्टीत माझा जन्म झाला. त्याने दांडी ठोकून सरळ केली, साखळ्या ओवल्या, पारडी टांगली आणि मला हवेत उचलून धरलं. काटा तसूभरही कलला नाही. ‘गडी खरा निघाला,’ असं म्हणून त्याने मला गिऱ्हाइकाच्या हवाली केलं. ते गिऱ्हाईक म्हणजे नेकनूरच्या बाजारातले शेळ्यामेंढ्यांचे व्यापारी त्रिंबकआप्पा. माझी सारी जवानी त्यांच्याबरोबर गेली.

बाजाराच्या दिवशी काय थाट असायचा माझा! वस्त्यावस्त्यांवरून मेंढरं यायची. पाय बांधून कोकरू एका पारड्यात ठेवलं की ते बें बें करायचं, आणि दुसऱ्या पारड्यात वजनं चढायची. आप्पा घासाघीस करताना समोरच्याला घाम फोडायचे, पण पारड्याखाली चोरून पासंग लावायची लबाडी त्यांनी कधी केली नाही. लोक म्हणायचे, काटा बघायचा तर त्रिंबकशेटचा. माझी छाती फुगायची. खोटं कशाला बोलू?

मग बॅटरीवरचा काटा आला. लाल आकडे काय चमकायचे त्याचे! मी आप्पांच्या गोठ्यात जाऊन पडलो. काही दिवसांनी एका कोंबडीने माझ्या पारड्यात अंडी घालायला सुरुवात केली. सगळ्या बाजाराचा खरा-खोटा निवाडा करणारा मी, आणि माझ्या मांडीवर खुडूक कोंबडी! पण तक्रार कोणाकडे करायची?

तिथून मला बाहेर काढलं आप्पांच्या नातीने. ऋतुजा तिचं नाव. ती तेव्हा नेकनूरहून एसटीने बीडला यायची आणि इथे, या सिस्टरांच्या शाळेत, नववीत शिकायची. तुम्हाला माहीतच आहे, दर शनिवारी नववीचा वर्ग सिस्टर मार्थांबरोबर लिंबागणेशजवळच्या मेंढपाळांच्या वस्तीवर जातो. कोणी तिथल्या लेकरांना अक्षरं शिकवतं, कोणी म्हाताऱ्यांना औषधाच्या वेळा समजावून सांगतं. सिस्टर नगरकडच्या. अंगाने काडी, पण आवाज असा की मैदानाच्या टोकाचं पोरही जागच्या जागी थांबेल. त्या गाडीत बसताना पोरांना बजावायच्या, “आपण उपकार करायला चाललो नाही, शेजार करायला चाललोय. शेजारी ओट्यावरून हाकलूनही देतो. त्याची तयारी ठेवा.”

त्या वर्षी सिस्टरांनी वस्तीवरच्या लहान लेकरांची वजनं घ्यायचं ठरवलं. शाळेचं चपटं वजनयंत्र नेलं, पण त्या खडकाळ जमिनीवर ते नीट बसेचना. तेव्हा ऋतुजा म्हणाली, “सिस्टर, आमच्या गोठ्यात टांगायचा काटा हाय. एकदम खरा!” आणि मी पुन्हा कामाला लागलो. किती आनंद झाला म्हणून सांगू! पोरींनी पारड्यात मऊ गोधडी अंथरली, वस्तीवरच्या बाभळीला मला टांगलं, आणि आया लेकरं घेऊन जमल्या.

पहिलाच नंबर आरोहीचा होता. दहा महिन्यांची पोर, पण मान अजून धड धरत नव्हती. डोळे तेवढे मोठे. सिस्टरांनी तिच्या दंडाला हात लावला आणि त्यांचा चेहराच उतरला. आरोहीची आई शिवकन्या तिला माझ्याकडे आणणार, एवढ्यात मागून तिची सासू छबुबाई तरातरा आली. माझ्या दांडीवरचा निळा रंग तिने बोटाने खरवडून पाहिला.

“ह्यो तर त्रिंबकशेटचा काटा!” ती ओरडली. “कोकरं तोलायचा! माझी चांदी, कवळी पाट शेळी, ह्याच्यातच बसून गेलती. अगं बाई, ह्याच्यात बसलं ते माघारी आलं न्हाई! माझी नात इकायची न्हाई मला. उचला तुमचा काटा!”

झालं. आया लेकरं उचलून आपापल्या घरी निघून गेल्या. बाभळीखाली उरलो मी, ती रिकामी गोधडी आणि मान खाली घातलेली ऋतुजा. कोणीही मेंढपाळ हे आधीच सांगू शकला असता. त्यांच्यात जनावर तोललं ते विकलं, आणि विकलं ते कापलं जाणार. अशा काट्यात पोटचं लेकरू कोण बसवील? पण हे आधी विचारावं असं आम्हाला कोणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही. मी आपला माझ्या खरेपणाच्या तोऱ्यात होतो.

परतताना ऋतुजा गाडीत रडत होती. सिस्टर म्हणाल्या, “रडून घे. शनिवारी परत यायचंय.”

पुढच्या शनिवारी सिस्टरांनी काय करावं? मला बाभळीला टांगलं आणि झग्याचा घोळ सावरून स्वतःच माझ्या पारड्यात बसल्या! दुसऱ्या पारड्यात पोरांनी दगड रचले. फांदी करकरली. सगळी वस्ती जमली. सिस्टर उतरल्या आणि दोन्ही हात पसरून म्हणाल्या, “बघा छबुबाई, बसले आणि माघारी आले!”

छबुबाई पदर तोंडाला लावून हसली. हसता हसताच म्हणाली, “तुमाला घेतंय कोण इकत? समदी हाडंच हायेत!” बायका खो खो हसल्या. सिस्टरही हसल्या. पण आरोही काही आजीच्या कडेवरून खाली आली नाही.

मग सिस्टर गंभीर झाल्या. “पोरीला दवाखान्यात दाखल करायला हवं. ती सुकत चाललीय, छबुबाई.”

“कावून? नाजूक हाय ती. हिचा बाप, माझा बंकट बी असाच व्हता, आता बघा कसा गडी झालाय. अन् आमी परवा चाललो गोदाकाठाला मेंढरं घेऊन. लोकांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायचा शब्द दिलाय. दवाखान्यात कोण बसतंय?”

माझ्या साखळ्या गार पडल्या. परवा! एकदा का हे बिऱ्हाड घोड्यावर चढलं की उन्हाळ्यापर्यंत परतणार नव्हतं, आणि आरोहीच्या अंगात उन्हाळा गाठायचं त्राण नव्हतं. मी दिवसभर करडं-कोकरं तोलत आयुष्य काढलंय. कोणतं जगेल आणि कोणतं नाही, हे मला पारड्यात बसताच कळतं. पण तराजूला विचारतंय कोण!

तेव्हा शिवकन्या बोलली. सासूसमोर ती कधी तोंड उघडत नसे. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, खाली बघतच ती म्हणाली, “आत्याबाई, लिंबागणेशच्या गणपतीचा नवस फेडायचा राहिलाय.”

छबुबाईने आरोहीला दुसऱ्या कडेवर घेतलं. शिवकन्येला बरीच वर्षं मूल नव्हतं. तेव्हा छबुबाईनेच नवस बोलला होता, नातवंड झालं तर त्याची गुळाने तुला करीन, भारंभार गूळ देवाला वाहीन.

“फेडायचा हाय की,” छबुबाई म्हणाली. “पर लेकरू थोडं भरू दे. देवाच्या दारात इतकुसा गूळ कसा न्यायचा? लोक काय म्हणतील?”

“अन् वाटंतच काय बरंवाईट झालं, तर देवाला काय सांगायचं?” शिवकन्येने आता मान वर केली. “नवस फेडल्याबिगर मी हिला घेऊन वाटंला लागायची न्हाई. तुमी जा. मी ऱ्हाते हितंच!”

छबुबाईने सुनेकडे बघितलं, मग नातीकडे. शेवटी म्हणाली, “उद्या जाऊ. पर तोलायचं कशात?”

ऋतुजा चटकन पुढे झाली. “आज्जी, ह्याच्यातच. तुमच्या चांदीला इकायला तोललं व्हतं. आरोहीला देवाला गूळ वाहायला तोलायचं. इकणं येगळं, वाहणं येगळं. मी घासूनपुसून आणते की!”

“राखंनं घास,” छबुबाई गुरगुरली. “अन् त्यो निळा रंग सगळा काढ. मला दिसला न्हाई पायजे.”

मित्रांनो, त्या दिवशी त्या पोरीने मला काय घासलंय म्हणता! राख झाली, चिंच झाली, विटकर झाली. बाजारातली सारी जुनी ओळख तिने माझ्या अंगावरून उतरवली. माझी तोऱ्याची सवय तेवढी उतरली नाही, ते तुम्हाला दिसतंच आहे.

दुसऱ्या दिवशी देवळाबाहेरच्या कडुलिंबाच्या झाडाला मला टांगलं. सिस्टर पोरांना घेऊन आल्या होत्या. त्यांनी चपला काढून ठेवल्या आणि माझी साखळी हातात धरून उभ्या राहिल्या. छबुबाईने मला हळदकुंकू लावलं. लोखंडाच्या कपाळाला पहिल्यांदाच कुंकू लागलं, मला भरून आलं. तिने बाजारातून गुळाच्या दोन मोठ्या ढेपा आणल्या होत्या. नात नाजूक असली तरी एक पुरायची नाही, असा तिचा हिशोब.

शिवकन्येने आरोहीला गोधडीवर बसवलं, ऋतुजाने तिला धरलं. छबुबाईने दुसऱ्या पारड्यात पहिली ढेप ठेवली.

धाडकन पारडं जमिनीला टेकलं. आरोही झुपकन वर गेली. ऋतुजाने घट्ट धरली होती म्हणून बरं.

“थांबा, ठेवायला चुकलं,” छबुबाई म्हणाली. काही चुकलं नव्हतं. तिने ढेप उतरवली, कोयता मागवला आणि ढेपेचे बरोबर दोन तुकडे केले. त्यातला एक ठेवला. पारडं पुन्हा खालीच गेलं. तिने तो तुकडा काढला, त्याचा एक मोठा खडा तोडला, पुन्हा ठेवला. तरी गूळच जड. आणखी एक खडा तोडला. मी माझा काटा जराही खोटा हलू दिला नाही. त्या घडीला मला दयामाया दाखवायची नव्हती, खरं तेच सांगायचं होतं.

शेवटी दोन्ही पारडी समोरासमोर आली. एका बाजूला मोठ्या डोळ्यांची आरोही, दुसऱ्या बाजूला गुळाचा दोन हातांत सहज उचलता येईल एवढा गोळा. आणि पायाशी तोडलेल्या गुळाचा ढीग, त्याशेजारी दुसरी अख्खी ढेप, जिला हातही लागला नव्हता.

छबुबाई त्या ढिगाकडे बघत खालीच बसली. “आगं माय,” ती म्हणाली, “माझं मागच्या म्हैन्यातलं कोकरू हिच्याहून भारी हाय गं! मी कोकरं हातावर तोलती रोज. अन् ही माझ्या कडेवर असून मला कशी कळली न्हाई?” आणि ती ढसाढसा रडली.

सिस्टर तिच्याजवळ खाली मातीत बसल्या. छबुबाईनेच डोळे पुसले आणि विचारलं, “तुमची गाडी कुठं हाय?”

मित्रांनो, बंकट एकटा मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेला. लग्न होऊन आल्यापासून छबुबाईने कधी बिऱ्हाड सोडलं नव्हतं. त्या वर्षी ती सुनेबरोबर बीडच्या सरकारी दवाखान्यात नातीच्या उशाशी बसून राहिली. तिथून सुट्टी झाल्यावरही दोघी वस्तीवरच थांबल्या. नववीची पोरं आळीपाळीने डबा नेत होती. छबुबाई प्रत्येक डब्याला नाव ठेवायची आणि प्रत्येक डबा चाटूनपुसून परत द्यायची.

उन्हाळा लागला, बंकट परतला. एका शनिवारी मी पुन्हा त्याच बाभळीला लटकत होतो. आरोही आली ती स्वतःच्या पायांनी, आजीचं बोट धरून, आणि येताच तिने माझी साखळी खळाखळा ओढली. काय ताकद! छबुबाईने तिला पारड्यात बसवून समोर गुळाची अर्धी ढेप ठेवली. पारडं जागचं हललंसुद्धा नाही. उरलेल्या अर्ध्या ढेपेतला चांगला मोठा तुकडा वर चढवला, तेव्हा कुठे काटा मधे आला. बाकी राहिलेला गूळ छबुबाईने सिस्टरांच्या हातावर ठेवला आणि जमलेल्या आयांकडे वळून म्हणाली, “बघता काय? बसवा लेकरं! ह्याच्यात बसलं ते माघारी येतंय!”

त्या दिवशी वस्तीवरचं एकही लेकरू तोलायचं राहिलं नाही.

तर अशी माझी गोष्ट. आता नवीन यंत्रं येतील, यायलाच पाहिजेत. माझा त्यांच्याशी दावा नाही. पण यंत्र कोणतंही असो, लेकराला त्यात बसवण्याआधी त्याच्या आजीला बोलतं करा, आणि तिने हाकललं तरी पुढच्या शनिवारी परत जा. आणि मला भंगारात घालू नका रे. थोडं तेल द्या, साखळ्या पुसा. बंकटच्या घरी पुन्हा पाळणा हललाय, आणि छबुबाईने निरोप धाडलाय, “शनिवारी काटा आणा. दोन ढेपा घेऊन ठेवल्यात.”